कडूची गोडी

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपले की कोकणात तुळशीपाशी कारीट ठेवून ते डाव्या पायाच्या अंगठ्याने चिरडतात आणि त्याच्या कडूजहर रसाचा ठिपका जिभेला लावतात. फराळाचे ताट त्यानंतर पुढे येते. करंज्या, लाडू, अनारसे अशा गोडधोड सैन्याच्या अग्रभागी हे एवढेसे हिरवे फळ का उभे केले असेल, याचा विचार आपण सहसा करीत नाही. नरकासुराच्या वधाची कथा आहेच. पण मला वाटते, आपल्या पूर्वजांना जिभेचे एक मर्म ठाऊक होते. कडू चाखल्यावाचून गोडाला अर्थ येत नाही. पाडव्याला कडुनिंबाचा पाला आणि बाळंतिणीला मेथीचे लाडू, हे त्याच शहाणपणाचे पुढचे धडे.

असे असूनही बोलण्यात मात्र आपण या चवीला कधी मान दिला नाही. आठवण वाईट असली की ती कडू, शत्रू हाडवैरी असला की तो कडवा, आणि कारले तुपात तळले अन् साखरेत घोळले तरी ते कडूच! शब्दाच्या बाबतीतही या बिचारीची अदलाबदल झाली आहे. वर्गात सहा रसांचा विषय निघाला की मुले हटकून गोंधळतात. आयुर्वेदातला 'तिक्त' म्हणजे कडू आणि 'कटु' म्हणजे तिखट. तो 'कटु' मराठीत येता येता 'कडू' झाला आणि येताना स्वतःची चव बदलून आला. सहा भावंडांत जिचे नावसुद्धा धड राहिले नाही, अशी ही चव.

आणि वाचकहो, मौज अशी की जगाच्या पाठीवर एक राष्ट्र असे आहे, ज्याने आपल्या रोजच्या पेयाचे नावच 'कडू' असे ठेवले. इंग्लंडमधल्या पबमध्ये जाऊन 'बिटर' मागितली की तांब्याच्या रंगाची बिअर भरलेला ग्लास तुमच्यापुढे येतो. आपल्याकडे एखाद्या दुकानदाराने सरबताच्या बाटलीवर 'कडू' अशी चिठ्ठी डकवली, तर त्याचे दिवाळे वाजायला किती दिवस लागतील?

आता काही वाचकांच्या कपाळावर आठी पडली असेल. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांच्या हाती पडणाऱ्या अंकात हा मराठीचा प्राध्यापक बिअरची आरती ओवाळायला निघाला की काय? शंका रास्त आहे. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदीचा कायदा अजून पुस्तकात आहे आणि त्याप्रमाणे पिणाऱ्याला परवाना लागतो. पण मला अडवणारी गोष्ट कायद्याहून जुनी आहे. मी ज्या चाळीत वाढलो, तिथे पगाराच्या रात्री टोकाच्या एका बिऱ्हाडातून भांडी आपटल्याचे आवाज येत. मग एका बाईचे रडणे ऐकू येई आणि मग काहीच नाही. ते 'काहीच नाही' मी अजून विसरलेलो नाही. तेव्हा जो पीत नाही त्याने प्यावे, असे सुचवण्याचा माझा हेतू नाही. मला सांगायचे आहे ते एका चवीविषयी, आणि ती चव जिवंत ठेवणाऱ्या माणसांविषयी.

या पेयाचे बारसे मोठे गमतीचे आहे. बिटर हे नाव ती तयार करणाऱ्यांनी ठेवलेले नाही. त्यांच्या वहीत तिची नोंद 'पेल एल', म्हणजे फिकट रंगाची बिअर, अशीच होत असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पबमध्ये येणारी सामान्य गिऱ्हाइके तिला बिटर म्हणू लागली. शेजारच्या पंपातून 'माइल्ड' नावाची सौम्य बिअर निघे, तिच्यापासून वेगळेपण सांगण्यासाठी एवढा शब्द पुरेसा होता. म्हणजे नाव दिले ते पिणाऱ्यांनी. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिची गरज पडणार आहे.

तिच्या घराण्याचा आपल्याशीही थोडा संबंध आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनजवळच्या बो या वस्तीतल्या हॉजसन नावाच्या ब्रुअरीची फिकट बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून हिंदुस्थानात येत असे. आफ्रिकेला वळसा घालून येताना चार-सहा महिने लागत. तेवढ्या काळात पिंपातली बिअर जहाजाबरोबर डुलत डुलत मुरे, आणि मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्या साहेबांना ती भारी आवडे. पुढे ट्रेंट नदीवरच्या बर्टन गावच्या ब्रुअरींनी हा धंदा हाती घेतला. आजची बिटर ही त्याच घराण्यातली धाकटी आणि हलकी लेक. तिच्यात मद्यार्क जेमतेम साडेतीन ते साडेचार टक्के असतो. साहेब आपल्याकडून गेला, पण घरी त्याने काय ठेवले होते, हे मला त्याच्या घरी जाऊनच कळले.

माझा भाचा ब्रायटनला नोकरीला आहे. एका उन्हाळी सुट्टीत त्याच्याकडे तीन आठवडे राहण्याचा योग आला. ब्रायटनहून रेल्वेने पाव तासावर लुइस नावाचे एक टुमदार गाव आहे. चुन्याच्या टेकड्यांच्या कुशीत, ऊझ नदीच्या काठी. पुलावर उभे राहिले की नदीकाठी एक उंच, मनोऱ्यासारखी इमारत दिसते आणि तिच्यातून भाजलेल्या धान्याचा वास येत असतो. ही हार्वीज ब्रुअरी. १७९० मध्ये जॉन हार्वी याने ती सुरू केली, मनोरा १८८१ च्या सुमाराचा. गावकरी कौतुकाने तिला 'लुइसचे कॅथीड्रल' म्हणतात. जगभर पसरलेल्या बिअर कंपन्यांच्या मानाने हा कारखाना म्हणजे आपल्या गावातला तेलाचा घाणाच म्हणायचा.

बिटरला लागणारे साहित्य चारच प्रकारचे. पाणी, जव, हॉप्स आणि यीस्ट. जव भिजवून त्याला मोड आणायचे आणि ते मोड भट्टीच्या उष्णतेने वाळवायचे, की झाला माल्ट. नाचणीचे सत्त्व काढणाऱ्या गृहिणीला यातले काही नवे वाटणार नाही. हा माल्ट भरडून पासष्ट-सदुसष्ट अंश उष्ण पाण्यात तास-दीड तास ठेवला की त्यातल्या पिठाची साखर होते. चोथा काढून टाकायचा, तो गुरांना जातो. राहिलेला गोड काढा हॉप्स घालून उकळायचा. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी, पापुद्र्यांची बोंडे. केंट परगण्यात त्यांचे मळे आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पूर्व लंडनमधली गरीब कुटुंबे पोराबाळांसह दर सप्टेंबरात तिथे तोडणीला जात आणि तीच त्यांची वर्षाची सुट्टी असे. पुढे यंत्रे आली आणि ते थांबले.

या बोंडांतून येते ती कडू चव. पण ती केवळ चवीसाठी नाही. हॉप्सच्या कडूपणामुळे बिअर नासवणाऱ्या जंतूंना आळा बसतो. म्हणजे त्या गोड काढ्याला टिकवून धरतो तो कडूच!

मला सगळ्यांत जवळची वाटली ती यीस्टची कथा. काढा निवला की त्यात यीस्ट घालतात, ते साखर खाऊन मद्यार्क तयार करते आणि स्वतः वाढते. वाढलेल्यातले थोडे काढून पुढच्या खेपेला वापरायचे. हे तर आपले विरजण झाले! हार्वीजने १९५७ मध्ये यॉर्कशायरमधल्या टॅडकास्टर गावच्या जॉन स्मिथ्स या ब्रुअरीकडून यीस्ट आणले आणि तेव्हापासून तेच खेपेमागून खेप चालत आले आहे. शेजारणीकडून वाटीभर विरजण आणावे आणि दोन पिढ्या त्यावर दही लागत राहावे, तसे. माझ्या आईने दादरचे बिऱ्हाड ठाण्याला हलवताना देवाच्या टाकांइतक्याच जपून विरजणाची वाटी मांडीवर घेतली होती, ते मला आठवले. इंग्रज आणि आपण यांच्यात दीडशे वर्षे राजा-प्रजेचे नाते होते, पण वाटीवर झाकण ठेवण्याची रीत एकच.

आता खरी गंमत पुढे आहे. बहुतेक बिअर गाळून, तापवून, निर्जंतुक करून बाटलीत किंवा डब्यात भरतात. ती तयार वस्तू असते. पारंपरिक बिटर मात्र पिंपात भरताना जिवंत असते. यीस्ट आत शिल्लक असते आणि पबच्या तळघरात गेल्यावरही ते आपले काम चालू ठेवते. इंग्रजीत या क्रियेला लांबलचक शास्त्रीय नाव आहे. आपल्याकडे दोन अक्षरी धातू आहे, 'मुर'. लोणचे मुरते तशी ती मुरते. गाळ खाली बसावा म्हणून पिंपात माशाच्या आतल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ घालण्याची जुनी चाल आहे. आपल्या कोळीवाड्यात या पिशवीला भोत म्हणतात. शाकाहारी वाचकांच्या माहितीसाठी सांगतो, अलीकडे काही ब्रुअरींनी ही चाल सोडली आहे.

भाच्याने मला लुइस आर्म्स नावाच्या पबमध्ये नेले. किल्ल्याच्या पायथ्याची ती एक जुनी, ठेंगणी वास्तू. आत लहान लहान खोल्या. एका टेबलाशी गावातले एक निवृत्त शिक्षक बसले होते. मीही मास्तर आहे म्हटल्यावर त्यांनी खुर्ची ओढून दिली. मी अर्ध्या पाइंटाची मर्यादा आधीच सांगितली. पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, त्याच्या निम्मे. पंपाचा लाकडी दांडा खाली ओढला की तळघरातली बिअर वर येते. वरून वायू सोडलेला नसतो, त्यामुळे फसफस फार नाही. ग्लास हातात येताच मी तो उचलला.

"मामा, घाई करू नका," भाचा म्हणाला. "आधी नुसती बघा."

"अरे, बघायला काय ती नवरी मुलगी आहे?" मी म्हटले खरे, पण बघितली. बिनदुधाच्या चहाचा तांबूस रंग, आणि आरपार स्वच्छ. वर पातळ पांढरी साय. ग्लास बर्फासारखा गार नव्हता. अकरा ते तेरा अंश म्हणजे थंडीच्या दिवसांतल्या माठातल्या पाण्याइतका. फार गार केले की जीभ बधिर होते आणि मग चव कळत नाही, असे मास्तरांनी समजावले. शिवाय चुटकाचुटका पिऊन बिटर कळत नाही, चांगला तोंडभर घोट घ्यावा लागतो, हेही.

पहिल्यांदा येते ती माल्टची गोडी. पावाच्या खरपूस कडेसारखी, किंचित मधाची आठवण देणारी. मग ओल्या गवताचा, संत्र्याच्या सालीचा वास. आणि हे सगळे गिळून झाल्यावर, आता काही उरले नाही असे वाटत असताना, जिभेच्या मुळाशी कडू चव हळूच उगवते. ती जाळत नाही की टोचत नाही. तोंड स्वच्छ आणि कोरडे करून टाकते, आणि मग पुन्हा त्या गोडीची आठवण होते. गोड चव तोंड भरून टाकते, कडू चव जागा मोकळी करते. मला वाटते, म्हणूनच लाडू दोनानंतर नकोसा होतो आणि मेथीची भाजी रोज चालते.

अर्थात पहिल्या घोटाला हे सगळे कळले असे म्हणणार नाही. लहान मुलाला कारले आवडत नाही, हा मुलाचा दोष नाही. कडू चव आवडायला वय, वेळ आणि जवळ बसून 'थांब जरा' म्हणणारे माणूस लागते. या पबमध्ये लोक ग्लास घेऊन तासभर बसत, बोलत, मध्येच गप्प होत. इंग्लंडात दारूने संसार मोडत नाहीत असे मुळीच नाही. पण माझ्या चाळीतला तो गृहस्थ माणसांतून उठून जाण्यासाठी पीत होता, आणि इथे लोक माणसांत येऊन बसण्यासाठी पीत होते, एवढा फरक मला त्या खोलीत दिसला.

मास्तरांनी तळघराचे गणितही सांगितले. पबमध्ये येणारे नेहमीचे लहान पिंप नऊ गॅलनचे, म्हणजे ७२ पाइंटांचे, साधारण ४१ लिटरचे असते. ते उघडले आणि बिअर काढू लागले की आत हवा शिरते, आणि तीनेक दिवसांत चव उतरू लागते, पुढे आंबते. म्हणून उघडलेले पिंप तीन दिवसांत संपले पाहिजे. गाळाचा हिशेब सोडून द्या. रोज दोन पाइंट पिणारी बारा माणसे नेमाने आली तर पिंप बरोबर तीन दिवसांत रिकामे होते आणि प्रत्येक ग्लास ताजा मिळतो. बाराची सहा झाली तर ब्रुअरीने कितीही जीव ओतलेला असो, चौथ्या दिवशीच्या माणसाला आंबूस बिअर मिळणार. तो नाक मुरडून पुन्हा येणार नाही, मग सहाची चार होणार. म्हणजे पाणी, जव, हॉप्स आणि यीस्ट यांच्या पलीकडे बिटरमध्ये एक पाचवा घटक असतो, आणि तो म्हणजे पिणारा. साहित्यशास्त्रात आम्ही 'सहृदय' म्हणून ज्याची चर्चा करतो, तो मला इथे पिंपाच्या शेजारी उभा असलेला भेटला.

हा पाचवा घटक एकदा जवळजवळ संपला होता. १९६० च्या दशकात मोठमोठ्या ब्रुअरींना ही मुरणारी, नासणारी, तळघरात राखण मागणारी वस्तू परवडेना. त्यांनी गाळलेली, तापवून निर्जीव केलेली, वायू भरलेली गार बिअर पबोपबी नेली. ती कधी बिघडत नसे, कारण तिच्यात बिघडण्याजोगे काही उरलेलेच नव्हते. १९७१ मध्ये चार इंग्रज तरुण आयर्लंडच्या सहलीत या दुःखाची चर्चा करीत बसले आणि तिथेच त्यांनी एक मंडळ काढले. त्याचे नाव 'कॅम्रा'. खरी एल वाचवण्याची मोहीम म्हणून ते आज ओळखले जाते. चौघांच्या त्या मंडळाचे पुढे लाखाहून अधिक सभासद झाले.

आणि लुइस गावाने तर कमालच केली. हे गाव मुळातच ऐकून घेणारे नव्हे. टॉमस पेन १७६८ ते १७७४ या काळात इथे राहत होता; दारू-तंबाखूवरची जकात वसूल करणारा सरकारी नोकर म्हणून! पुढे याच पेनने 'राइट्स ऑफ मॅन' लिहिले, आणि तेच पुस्तक वाचून आपल्या जोतीराव फुल्यांच्या विचारांना धार आली. अशा गावातल्या लुइस आर्म्सची मालकी ग्रीन किंग या मोठ्या कंपनीकडे होती. डिसेंबर २००६ मध्ये कंपनीने तिथून हार्वीजची बिटर काढून टाकली आणि स्वतःची बिअर ठेवली. ब्रुअरी समोर चालत जाण्याच्या अंतरावर, आणि तिची बिअर गावच्या पबमध्ये नाही!

गावकऱ्यांनी पबवर बहिष्कार टाकला. हजारावर लोकांनी अर्जावर सह्या केल्या. ऐन थंडीत मंडळी दारापाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सगळे समजावून सांगत. आमचे मास्तरही त्यांत होते. आतल्या उबेत जिथे वर्षानुवर्षे बसलो, त्या खोलीच्या खिडकीकडे बाहेरून पाहत उभे राहणे कठीण होते, एवढेच ते म्हणाले. १३३ दिवसांनी, एप्रिल २००७ मध्ये, कंपनीने माघार घेतली आणि हार्वीजचा पंप आपल्या जागी परत आला.

कुणी म्हणेल, एका बिअरसाठी एवढा आटापिटा! कंपनीलाही तसेच वाटले असावे. एक बिअर काढली आणि दुसरी ठेवली, यात बिघडले काय? पण चवीला स्वतःची माणसे असतात. ती माणसे दाराबाहेर थंडीत उभी राहायला तयार असतील, तोवर चव टिकते. मास्तरांना मात्र पुढची काळजी होती. इंग्लंडात दर वर्षी कितीतरी पब बंद पडत आहेत आणि तरुण मुले गार, गोडसर पेयांकडे वळली आहेत. पिंपाचे गणित कुणासाठी बदलत नाही.

परत आल्यावर जूनमध्ये कॉलेज सुरू झाले. आमच्या मराठी विभागाच्या एम.ए.च्या वर्गाला पूर्वी बाक कमी पडत. या वर्षी मी हजेरीपट उघडला, तर त्यावर नावे अकरा. कार्यालयातून विचारणा आली की, एवढ्या मुलांसाठी स्वतंत्र तासिका चालू ठेवायची का? मी खिडकीशी उभा राहून जरा हिशेब केला. मुले अकरा, आणि बारावा मी.

'चालू ठेवायची' असे लिहून कागद परत पाठवला आणि वर्गावर गेलो.